टाकळ्याला न्याय द्या, कातडी जाळू नका

घरात कुणाच्या जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली किंवा छातीखालच्या घडीत गोल लालसर चट्टा उठला असेल, त्याच्या कडेला बारीक पुटकुळ्यांची रांग असेल आणि खाजेपायी रात्रीची झोप उडाली असेल, तर हा मजकूर आधी त्या माणसाच्या हातात द्या. तो आपणहून बोलणार नाही. जागाच तशी अवघड. सून सासूला सांगत नाही, मुलगी आईलाही सांगायला लाजते, आणि बाप्यांचं तर विचारूच नका. मग महिनोन्‌महिने मेडिकलमधून ट्यूब येत राहते, नाहीतर कुणाच्या तरी सांगण्यावरून परसातला पाला वाटून चोळला जातो. या दोन्ही वाटा बंद करा, हे मागण्यासाठी मी लिहितो आहे. एक तिसरी वाट आहे. ती मोकळी करायला हातभार लावा, हेही मागणं आहे. पण ते पुढे.

मी डॉक्टर नाही. कोकणातल्या एका कॉलेजात ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पावसाळ्यात मुलांना घेऊन बांधावर जायचो तेव्हा पहिल्यांदा दाखवायचो तो टाकळा. मृगाच्या सरी पडल्या की थोड्याच दिवसांत रस्त्याच्या कडेने, पडक्या गडग्याच्या आडोशाला तो दाटीवाटीने उगवतो. कोवळा असताना त्याची भाजी होते. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, पुढे पिवळी फुलं येतात आणि लांब, वाकड्या शेंगा धरतात. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्नही म्हणतात. दद्रु म्हणजे गजकर्ण, दद्रुघ्न म्हणजे गजकर्णाला मारणारा. ‘नावातच औषध आहे बघा,’ असं मी दरवर्षी सांगायचो आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

चार वर्षांपूर्वी त्यातलाच एक विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. वडील सत्तरीला टेकलेले, आयुष्यभर भातशेती केलेले. ‘सर, एखादा झाडपाला सांगा, डॉक्टरकडे जायला ते तयार नाहीत,’ असं म्हणाला. मी त्यांना आत नेऊन पाहिलं. दोन्ही जांघा आणि ओटीपोट चट्ट्यांनी भरलेलं. दोन वर्षं ते मेडिकलमधली एकच ट्यूब लावत होते. ती लागू पडेना तेव्हा कुणी तरी बिब्बा सांगितला, आणि यांनी बिब्ब्याचं तेल थेट चट्ट्यांवर फिरवलं. कातडी भाजल्यासारखी सुटली होती, पाणी गळत होतं, धोतर चिकटत होतं. माझ्याकडे त्यांना द्यायला पाला नव्हता. भाड्याची जीप करून आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. बरं व्हायला कित्येक महिने लागले, आणि बिब्ब्याचे काळे डाग अजून आहेत. ‘नावातच औषध आहे’ हे वाक्य त्या दिवसापासून मी कुणापुढे उच्चारलेलं नाही.

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, दाद म्हणा किंवा हल्लीच्या भाषेत ‘फंगल’ म्हणा, रोग एकच. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातलं केरॅटिन खाऊन जगणारी ही बुरशी. ती गोलाकार पसरते, म्हणून चट्ट्याची कड जिवंत, खवखवणारी असते आणि मधला भाग निवल्यासारखा दिसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत साधं मलम तीन-चार आठवडे नेटाने लावलं की बहुतेकांचा त्रास जायचा. साधारण २०१४-१५ पासून देशभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना वेगळंच दिसू लागलं. चट्टे मोठे, घरातली चार माणसं एकदम आजारी, आणि गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी तिथल्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या कातडीवरून घेतलेल्या बुरशीचा अभ्यास केला आणि तिला वेगळ्या प्रजातीचं नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावात आपला देश आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याची नोंद झाली, आणि अमेरिकेतली ती पहिलीच नोंद होती.

या बुरशीची भीती का वाटावी, ते नीट समजून घ्यायला हवं. बुरशीला आपल्या पेशीचं आवरण बांधायला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. तो तयार करण्याच्या कामातलं एक विकर टर्बिनाफिन हे औषध बंद पाडतं आणि बुरशी मरते. नव्या बुरशीत त्या विकराच्या रचनेतलं एखादंच अमिनो आम्ल बदललेलं असतं. तेवढ्याने औषधाची पकड सुटते, कुलूप बदललं की जुनी किल्ली फिरत नाही तसं. मग दुसरं औषध काढा, असं कुणीही म्हणेल. अडचण अशी की बुरशीची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची आहे. तिला मारेल आणि आपल्याला इजा करणार नाही असं रसायन सापडणं मोठं कठीण. प्रतिजैविकांचे प्रकार कितीतरी आहेत. बुरशीवरच्या औषधांचे मुख्य गट हाताच्या बोटांवर मोजता येतात. त्यातलं एकेक निकामी होत जाणं आपल्याला परवडणारं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्यांदाच धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्यात १९ नावं आहेत. ती यादी अंगात शिरणाऱ्या, जीव घेणाऱ्या बुरशींची आहे. गजकर्णाने कुणी मरत नाही, म्हणूनच त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण ज्याला दोन वर्षं खाजेने नीट झोप मिळालेली नाही, त्याला विचारा.

आता ट्यूबबद्दल. ‘मिक्स’ म्हणून जी मलमं मिळतात, त्यांत बुरशीनाशक असतं, प्रतिजैविक असतं आणि क्लोबेटासोलसारखं जहाल स्टेरॉइडही असतं. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. माणसाला वाटतं, रामबाण आहे. खरं म्हणजे स्टेरॉइडने शरीराची लढाई थांबवलेली असते आणि बुरशी आतून निवांत पसरत असते. कड पुसट होते, रूप बदलतं, मग अनुभवी डोळाही फसतो. डॉक्टर त्याला टिनिया इनकॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेश पालटलेलं गजकर्ण. जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होते, तिच्यावर बाळंतिणीच्या पोटावर येतात तसे पट्टे उमटतात, आणि ते जन्मभर जात नाहीत. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. नियम कागदावर आहे. गावच्या बाजारपेठेत जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणून बघा, म्हणजे नियम कुठवर पोचला ते कळेल. ही साथ एवढी चिघळण्यात या ट्यूबचा मोठा वाटा आहे, असं आपल्याकडचे अनेक त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

या ट्यूबला विटलेला माणूस झाडपाल्याकडे वळतो. त्याला मी दोष देत नाही. उलट माझं सगळं आयुष्य झाडांत गेलं असल्यामुळे मी ठामपणे सांगू शकतो, की बुरशीवरचं औषध वनस्पतीत शोधणं हा वेडेपणा नाही. झाडाला जन्मभर कुणाशी झुंजावं लागत असेल तर ते बुरशीशी. भातावरचा करपा बुरशीचा, आंब्याच्या मोहोरावरची भुरी बुरशीची, द्राक्षावरची भुरीही बुरशीची. पिकांवर येणाऱ्या रोगांत सर्वाधिक रोग बुरशीचे असतात. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते रसायनं बनवतं. कोट्यवधी वर्षांच्या त्या झुंजीतून पानांत, सालीत, बियांत जे साठलं आहे, त्यातलं बरंच बुरशीला रोखण्यासाठी आहे. टर्बिनाफिन जिथे घाव घालतं त्याहून वेगळ्या ठिकाणी घाव घालणारं काही त्यात मिळालं, तर कुलूप बदललेल्या या बुरशीलाही ते पुरून उरेल. ही आशा खरी आहे. ती वाया जाऊ नये म्हणूनच हा खटाटोप.

एक हकिकत सांगतो, कारण ती आपल्या किनाऱ्यावर घडलेली आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि गोव्यात गजकर्णावर एक पिवळट-तपकिरी भुकटी वापरत. इंग्रज तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. ती येते कुठून हे बराच काळ नीट कुणाला माहीत नव्हतं. पुढे उलगडा झाला की ती ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत साठते, आणि पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून गोव्यात उतरते. रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, त्याचं नाव क्रायसारोबिन. १८७० च्या दशकात लंडनच्या बाल्मानो स्क्वायर या डॉक्टरांचा एक सोरायसिसचा रुग्ण आपला चट्टा गजकर्णाचा समजून ही भुकटी लावून बसला, आणि त्याचा सोरायसिसच उतरला. त्या धाग्यावरून पुढे १९१६ मध्ये जर्मनीत डिथ्रॅनॉल हे औषध तयार झालं. सोरायसिसवर ते आजही वापरतात.

आता टाकळ्याकडे या. १९७५ मध्ये आचार्य आणि चटर्जी या दोन भारतीय संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. ते निघालं क्रायसोफॅनिक आम्लाचं अँथ्रोन. साध्या भाषेत सांगायचं तर क्रायसारोबिनच! अर्धं जग ओलांडून गलबतातून जी भुकटी सोन्याच्या मोलाची म्हणून यायची, तिच्यातलं द्रव्य आमच्या गडग्यालगत दर पावसाळ्यात पायदळी तुडवलं जात होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो. बी वाटून लावणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांची नजर चुकलेली नव्हती.

मग टाकळा वाटून लावायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती या हकिकतीतच आहे. क्रायसारोबिन बुरशी मारतं तसं कातडीलाही भाजतं. जांभळट-तपकिरी डाग पाडतं, हात डोळ्याला लागला तर डोळा पेटतो. म्हणूनच ते किती टक्के, कशात कालवून, किती वेळ लावायचं हे ठरवायला डॉक्टरांना पिढ्या लागल्या. तुमच्या बांधावरच्या टाकळ्याच्या बियांत ते किती आहे? माळावरच्या रोपात किती, पाणथळ जागेतल्या रोपात किती, जून शेंगेत किती, कोवळ्यात किती? पाट्यावर ताकात वाटलं की त्यातलं किती बाहेर येतं? कुणी मोजलेलं नाही. आजीच्या वाटणात ते प्रमाण तिच्या हाताला ठाऊक असेलही. मोबाइलवर आलेल्या चार ओळींच्या निरोपात ते नसतं.

दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. आपल्या विद्यापीठांतून दरवर्षी कितीतरी प्रबंध निघतात: अमुक पानाचा अर्क काचेच्या बशीतल्या बुरशीवर टाकला, भोवती स्वच्छ वर्तुळ पडलं, सबब वनस्पती गुणकारी. मी स्वतः असे प्रबंध तपासले आहेत आणि त्यांवर सह्याही केल्या आहेत. त्यांत खोटं काही नसतं, पण ती पहिली पायरी असते, आणि आम्ही तिलाच गड समजून परत फिरलो. बशीत मिठाचं पाणी टाकलं तरी काही जंतू मरतात. माणसाच्या जांघेत घाम आहे, घर्षण आहे, आणि बुरशी केरॅटिनच्या थरात आणि केसाच्या मुळाशी दडलेली आहे. अर्क तिथवर पोचायला हवा, टिकायला हवा आणि कातडीला झोंबता कामा नये. ते फक्त माणसांवर नीट आखलेल्या चाचणीतच कळतं.

तशा चाचण्या झाल्याच नाहीत असं मुळीच नाही. व्हेनेझुएलात १९९६ मध्ये लसणातल्या अजोईन या द्रव्याचं ०.४ टक्क्यांचं मलम पायाच्या बोटांतल्या बुरशीच्या ३४ रुग्णांना लावलं. २७ जण आठवड्यात बरे झाले, उरलेले आणखी एका आठवड्यात. ऑस्ट्रेलियात याच पायाच्या बुरशीवर टी ट्रीच्या तेलाची १५८ लोकांवर चाचणी झाली आणि ती २००२ मध्ये छापून आली. त्यात काहींना तेल मिळालं, काहींना बिनऔषधाचा द्रव. ५० टक्के तेल लावणाऱ्यांत ६४ टक्के लोकांची बुरशी गेली, बिनऔषधवाल्यांत ३१ टक्के लोकांची. हा दुसरा आकडा लक्षात ठेवा. औषधाचा थेंबही न लावता एवढ्यांची बुरशी गेली! पाल्याने गुण आला असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा त्यात हे लोकही मोजलेले असतात. त्याच चाचणीत तेल लावणाऱ्या चौघांच्या कातडीवर चांगलीच आग उठली, हेही त्यांनी लपवलं नाही. फिलिपिन्समध्ये तर टाकळ्याच्याच गोत्रातल्या, आपल्याकडे बागांतून मेणबत्तीसारखे पिवळे तुरे घेऊन उभ्या असणाऱ्या दादमर्दनाला सरकारच्या आरोग्य खात्याने मान्यता दिलेल्या दहा औषधी वनस्पतींत जागा मिळाली, आणि त्याचं गजकर्णावरचं लोशन तिथे तयार झालं. आपल्याकडे टाकळा आहे, दादमर्दन आहे, आणि जिच्या नावातच रोग आहे ती गजकर्णीही आहे. गजकर्णीतल्या रायनाकँथिन या द्रव्यांनी बशीतली बुरशी मारल्याचं छापून आलेलं आहे. तरी टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्या आपल्याच बुरशीवर, आपल्याच माणसांवर, मोठ्या आकड्यांच्या चाचण्या उभ्या राहत नाहीत, ही मला लाज वाटायला लावणारी गोष्ट आहे.

म्हणून आता मागणं. ज्याच्या अंगावर चट्टा आहे त्याच्यापासून सुरुवात करतो.

बिब्बा, रुईचा चीक, चित्रकाचं मूळ आणि ठेचलेली कच्ची लसूण यांतलं काहीही चट्ट्यावर लावू नका. अजोईनचं मलम आणि ठेचलेली लसूण यांत औषध आणि निखारा एवढा फरक आहे. लसणाने कातडी भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत कितीतरी आहेत. बावची किंवा लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर फोड येतात आणि काळे डाग पडतात. चिखल्यांवर मेंदी लावायची आपली जुनी रीत आहे, ती परसातल्या मेंदीच्या पाल्याची. बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त केस रंगवण्याचं रसायन मिसळलेलं असतं, ती जखमेजवळही नेऊ नका. खोबरेल, करंजाचं तेल, हळद यांनी कुणाला बरं वाटत असेलही. पण हळदीनेही काहींच्या कातडीला पुरळ उठतो, आणि तेवढ्यावर गजकर्ण जाईल या भरवशावर महिने घालवू नका.

‘आयुर्वेदिक, शंभर टक्के नैसर्गिक’ असं छापलेल्या, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता-परवाना क्रमांक नसलेल्या डबीपासून दूर राहा. जी डबी दोन दिवसांत खाज पळवते तिचा तर विशेष संशय घ्या. १९९९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी चिनी जडीबुटीची म्हणून विकली जाणारी ११ मलमं तपासली, त्यांतल्या ८ मलमांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. पाल्याच्या नावाखाली पुन्हा तीच ट्यूब.

डॉक्टरकडे जाण्याचं आणखी एक कारण असं की प्रत्येक गोल चट्टा गजकर्णाचा नसतो. तो सोरायसिसचा असू शकतो, इसब असू शकतो. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाचीही शंका घ्यावी लागते, आणि तो वेळेत कळला तर पूर्ण बरा होतो. चट्ट्याच्या कडेची थोडी खरवड काढून, पोटॅशच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की बुरशी आहे की नाही ते थोड्याच वेळात दिसतं. ही तपासणी मागून घ्या. लाजू नका. वारंवार होत असेल तर रक्तातली साखरही तपासून घ्या. गोळ्या डॉक्टर सांगतील तितके आठवडे घ्या, खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नका. जुनी स्टेरॉइडची ट्यूब बंद केल्यावर काही दिवस आग आणि लाली वाढते. त्याला घाबरून पुन्हा तिच्याकडे वळू नका, डॉक्टरांना सांगा. लहान मुलाच्या टाळूवर केस झडून चट्टा पडला असेल किंवा नखं जाड, पिवळी झाली असतील, तर वरून लावायच्या कशानेही सहसा भागत नाही. आणि २०२१ मध्ये कोविडच्या पाठोपाठ आलेली काळी बुरशी आपण विसरलेलो नाही. नाकातून काळा स्राव, गालावर बधिरपणा, डोळ्याला सूज, असं मधुमेही माणसात दिसलं तर पाल्याचा विचारही मनात न आणता त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठा.

घरातल्या सगळ्यांची तपासणी एकदम करा, नाहीतर एकाचं बरं होईतो दुसऱ्याकडून परत येतं. टॉवेल वेगळे ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. ओली पँट अंगावर वाळवू नका. आणि कमरेचा करगोटा काही दिवस काढून ठेवा. त्याच्या ओल्या धाग्यात बुरशी बस्तान मांडते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मेडिकल चालवणाऱ्या बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे माझी हात जोडून विनंती आहे. खेड्यात पहिला डॉक्टर तुम्हीच असता. गिऱ्हाईक परत पाठवणं जड जातं, हे मी जाणतो. तरी चिठ्ठी नसेल तर स्टेरॉइडची ट्यूब देऊ नका. ‘ही लावलीत तर दोन दिवस बरं वाटेल आणि दोन वर्षं भोगाल,’ एवढं वाक्य तुमच्या तोंडून गेलं तर ते माझ्या शंभर लेखांपेक्षा जास्त काम करेल.

वैद्यांना आणि गावोगावच्या जाणत्यांना माझं मागणं वेगळं आहे. तुमच्याजवळचं ज्ञान लिहून काढा. कोणतं झाड, कुठलं, कोणत्या महिन्यात तोडलं, कोणता भाग, कशात वाटलं, किती दिवस लावलं, किती जणांना लावलं, किती जणांना गुण आला आणि किती जणांना आला नाही. न आलेले विशेष आठवणीने लिहा. लिहिलेल्याची ताकद काय असते ते कडुनिंबाने दाखवलं आहे. कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी मारण्याचा एकाधिकार १९९४ मध्ये युरोपात एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषिखात्याला मिळाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तिथे ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात’ एवढं पुरेसं ठरलं नसतं. पुणे-सांगली भागातल्या शेतांवर १९८५-८६ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांचा पुरावा मांडता आला, म्हणून बाजू भक्कम झाली.

विद्यापीठांतल्या आणि आयुर्वेद महाविद्यालयांतल्या संशोधकांनो, बशीतल्या वर्तुळांचे प्रबंध आता पुरेत. वनस्पतिशास्त्राच्या विभागाने झाड ओळखून द्यावं, रसायनशास्त्राच्या विभागाने त्यातलं द्रव्य मोजावं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचा विभागाने आपल्या रुग्णांतली औषधाला न जुमानणारी बुरशी द्यावी, आणि वैद्य व त्वचारोगतज्ज्ञ यांनी एका टेबलाला बसून चाचणी आखावी. या चारांतलं एकेक ठिकठिकाणी आहे. चौघं एकत्र बसलेले मी कुठे पाहिले नाहीत. चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद करा. २००७ पासून देशात त्यासाठी सार्वजनिक नोंदवही आहे आणि ती कुणालाही पाहता येते. चाचणी फसली तरी छापा. टाकळा फसला तर फसला म्हणून सांगा, मला वाईट वाटेल, पण कुणाची तरी कातडी वाचेल. आणि नुसता अर्क विरुद्ध गोळी एवढ्यावर थांबू नका. गोळीच्या जोडीला अर्काने गोळीची ताकद वाढते का, डोस कमी लागतो का, चट्टा परत यायचं प्रमाण घटतं का, हे प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहेत. आणि वाचकहो, अशा चाचणीसाठी कुणी रीतसर परवानगी घेऊन, लेखी माहिती देऊन तुम्हाला विचारलं, तर रुग्ण म्हणून तुम्हीही नाव द्या. सगळं समजून घ्या, प्रश्न विचारा, पटलं तर सामील व्हा.

परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांसाठी बॅगेत लोणच्याच्या बरणीबरोबर ‘इकडची ट्यूब’ घालून पाठवणाऱ्या आई-वडिलांनाही एक सांगणं आहे. पाठवू नका. ती बुरशी तिकडे पोचली आहे, आणि आपण तिला वेश पालटायला मदत करतो आहोत.

माझा तो विद्यार्थी आता एका शाळेत शिक्षक आहे. गेल्या पावसाळ्यात त्याने आठवीच्या मुलांना बांधावर नेऊन टाकळा दाखवला, त्याचं संस्कृत नाव सांगितलं, आणि बिब्ब्याने वडिलांच्या अंगावर पडलेल्या डागांबद्दलही सांगितलं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, माझ्या आईला आहे हे, ती कुणाला सांगत नाही.

तुमच्या घरातही कुणी तरी सांगत नसेल. त्यांना विचारा. उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन जा. जाताना ते लावत असलेली ट्यूब, आणि वाटून लावत असतील त्या पाल्याची एक फांदी, दोन्ही पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.